पश्चिमेच्या भिंतीची नाडी

“भिंत खोटं बोलत न्हाय! माणूस बोलंल, कागद बोलंल, कोर्टात शपथ घेतलेला साक्षीदार बोलंल, पण भिंत? कदापि न्हाय!”

एवढं बोलून ईरप्पा अण्णांनी पश्चिमेच्या भिंतीवर उजव्या हाताचा पंजा हाणला, आणि गिलाव्याच्या वरच्या थराचा ताटाएवढा पोपडा सुटून सरळ त्यांच्या डाव्या पायाच्या अंगठ्यावर पडला. भिंतीला जे सांगायचं होतं ते तिनं सांगितलं. अण्णांना मात्र ते नीट ऐकता आलं नाही, कारण त्या वेळी ते एका पायावर उभे होते.

“लागलं का, अण्णा?” धाकट्या भावानं, महेश्वरनं विचारलं.

“मुद्द्याचं बोल,” अण्णा कण्हत म्हणाले.

मुद्दा गेलं दीड वर्ष सगळ्यांच्या डोळ्यांसमोर होता. रस्त्याकडच्या भिंतीला, जमिनीपासून गुडघ्याएवढ्या उंचीवर, परात पालथी घालावी तसा फुगवटा आला होता. आधी तो बशीएवढा होता, मग ताटाएवढा, आणि आता त्याच्यावर डोकं टेकून म्हातारी शेळी दुपारची झोप काढायची. दूधवाला म्हणायचा, आत साप आहे. समोरचे मास्तर म्हणायचे, जमिनीचा दाब आहे. अण्णा म्हणायचे, श्रीदेवी आहे.

श्रीदेवी म्हणजे महेश्वरची बायको, आणि ती आत्ता तिथंच, हाताला ज्वारीचं पीठ लागलेलं तसंच घेऊन उभी होती. तिच्याबद्दल तिच्यासमोर असं बोललं जाण्याची तिला सवय झाली होती; पण सवय झाली म्हणून माणसाला आवडायला लागतं असं नाही.

“चार वर्षांमागं वर मोरी कुणी बांधायला लावली?” अण्णांनी भिंतीलाच विचारलं.

“मोरी न्हाय अण्णा, बाथरूम,” श्रीदेवी म्हणाली.

“पाणी दोन्हीतनं सारखंच गळतंय.”

“आणि काकू, खाली तुमची भाकरीची खोली,” अनिलकुमार मऊ आवाजात म्हणाला. अण्णांचा हा मुलगा सकाळच्या गाडीनं पुण्याहून आला होता, आणि पुण्याहून येताना त्यानं पारदर्शक फाईलमध्ये एक करारनामा आणला होता. “रोज सहा चुली. सगळी वाफ भिंतीत. लाकूड कुजणारच. मी दोष देत नाहीये हां, फक्त ऑब्झर्वेशन आहे.”

दोष न देता माणसाला गुन्हेगार कसं ठरवावं हे पुण्यात शिकवत असावेत, असं श्रीदेवीला वाटलं.

हे घर लाकडाचं होतं, हीच खरी अडचण. अण्णांच्या वडिलांची, थोरल्या मल्लप्पा हलकुड्यांची, लाकडाची वखार होती. सगळं सोलापूर दगड आणि विटा रचत होतं, तेव्हा एकोणीसशे एकाहत्तर साली या माणसानं सागवानी खांबांचा दुमजली सांगाडा उभा केला, त्यावर आडव्या पट्ट्या ठोकल्या, पट्ट्यांवर लोखंडी जाळी ताणली आणि जाळीवर बाहेरून गिलावा चढवला. बघणाऱ्याला भिंत, वाजवून बघणाऱ्याला पेटी. गल्लीनं घराचं नाव ‘हलकुड्यांचं खोकं’ ठेवलं आणि दोन वर्षांत ते बसणार असं भाकीत केलं. भाकीत करणारे एकेक करून गेले. किल्लारीच्या भूकंपाच्या पहाटे गल्लीतल्या दगडी भिंतींना भेगा पडल्या. खोकं नुसतं कुरकुरलं आणि कुशीवर वळून पुन्हा झोपलं. मल्लप्पांनी त्याबद्दलही कुणाला काही सांगितलं नाही. ते कशाबद्दलच कुणाला काही सांगत नसत. त्यांच्या वाट्याचं सगळं बोलणं पुढं थोरल्या मुलाकडं वारसाहक्कानं आलं होतं.

दसऱ्याला अण्णांनी निकाल दिला होता: पावसाळा सरला की एका रविवारी भिंत फोडायची. आतलं लाकूड सडलेलं निघालं तर दोघा भावांनी अनिलकुमारच्या करारावर सह्या करायच्या, घर पाडायचं, तिथं सहा मजले उठवायचे. आणि घर पडेपर्यंत त्या धोक्याच्या खोलीत चूल पेटणार नाही. म्हणजे सोमवारपासून नाही. म्हणजे उद्यापासून.

त्या खोलीत नऊ वर्षं कडक भाकरी होत होती. शाळूच्या पिठाची, कागदासारखी पातळ, महिनाभर टिकणारी भाकरी, तिच्याबरोबर शेंगाचटणी. सहा बायका यायच्या. त्यांच्यापैकी दोघींच्या घरात दुसरं कुणी कमावतं नव्हतं. उद्या सकाळी सात वाजता त्या दारात उभ्या राहिल्यावर त्यांना काय सांगायचं, हे श्रीदेवी दसऱ्यापासून जुळवत होती. अजून पहिलं वाक्यही जुळलं नव्हतं.

“कुंडलिक, लाव घण,” अण्णा म्हणाले.

कुंडलिक गवंडी हलकुड्यांकडं तीस वर्षं काम करत होता. त्याला भिंतीचे दोनच आजार ठाऊक होते: एक लगेच पाडायचा, आणि दुसरा चहा पिऊन पाडायचा. चहा झालेला होता. त्यानं घण उचलला.

“अर्धा तास थांबा की,” श्रीदेवी म्हणाली.

“अर्ध्या तासानं काय हुणाराय?”

“काय झालंय ते तरी कळंल. मधोमध घण घातला तर चांगला खांबबी हादरंल, आणि मग कशानं काय मोडलं ते देवालाबी कळणार न्हाय.”

“फोडल्याबिगर कळतंय व्हय?”

“अय्यो यप्पा!” आतून आवाज आला. “पोट फुगलं म्हणून कुणी पोट फाडतंय का? आधी हात लावून बघतेत की!”

निंगव्वा दारात आली होती. अक्कलकोटच्या बाजूची, सत्तरीची, मुठीएवढा अंबाडा, आणि कोपरापर्यंत पीठ. भाकरी थापायला इतर पाचजणी होत्या. निंगव्वाचं काम वेगळं होतं. वाळलेल्या भाकरीवर ती बोटाचं पेर वाजवायची. टण्ण वाजली की डब्यात, बद्द वाजली की परत तव्यावर. दिवसाला हजार भाकरी ती अशा वाजवून पारखायची, आणि नऊ वर्षांत तिच्या हातून गेलेली एकही भाकरी कुणी नरम म्हणून परत आणली नव्हती. श्रीदेवीनं एकदा तिची परीक्षा घ्यायला जरा कच्ची भाकरी मुद्दाम ढिगात सरकवली होती. निंगव्वानं ती न बघता बाजूला काढली आणि म्हणाली, ही तुझी.

“तू भाकरीवाली,” अण्णा म्हणाले. “भिंतीतलं तुला काय कळतंय?”

“काय बी न्हाय,” निंगव्वा म्हणाली. “म्हणून इचारते. कधी फुगतीया ही?”

“रोज फुगतीया!”

“रोज न्हाय,” श्रीदेवी म्हणाली, आणि पुढं होऊन तिनं फुगवट्यावरची धूळ पदरानं पुसली.

तेव्हा सगळ्यांना दिसलं. फुगवट्याभोवती शिसपेन्सिलीनं काढलेली वर्तुळं होती, एकात एक, आणि प्रत्येकाशेजारी बारीक अक्षरात तारीख. भाकरीच्या प्रत्येक डब्यावर तारीख घालणाऱ्या बाईनं भिंतीवरही तारखा घातल्या होत्या. दीड वर्ष. कुणाला न सांगता.

“मला वाटलं पोरांनी रेघोट्या मारल्यात,” अण्णांची बायको गौरम्मा म्हणाली. ती इतका वेळ नवऱ्याच्या मागं खुर्चीत बसून शेंगा निवडत होती.

“वाचा की अनिल,” श्रीदेवी म्हणाली.

अनिलकुमार वाकला. “बारा जून... तीस जुलै... चार सप्टेंबर... दहा ऑक्टोबर. मग...” तो थांबला. “मग एकदम पुढच्या वर्षीचा वीस जून. मधे काहीच नाही.”

“मधी वाढलीच न्हाय. ऑक्टोबर ते जून, तसूभर न्हाय.”

निंगव्वानं अण्णांकडं अगदी निरागस नजरेनं बघितलं. “म्हंजे आठ महिनं वर कुणी आंघोळच केली न्हाय व्हय?”

“मी रोज करतो,” महेश्वर घाईनं म्हणाला. वादात त्यानं एवढी ठाम भूमिका घेण्याची ही पहिलीच वेळ होती.

“मग वरच्या पाण्यानं फुगली असती तर उनाळ्यातबी फुगली असती. ही पावसात फुगतीया. पाणी आभाळाचं हाय, बाथरूमचं न्हाय.”

अण्णांनी वाकून दुसऱ्यानं लिहिलेलं शेवटपर्यंत वाचलं. ही गोष्ट इतकी दुर्मिळ होती की गौरम्मानं शेंगा निवडायच्या थांबवल्या.

“ठीक आहे, बाथरूम सोडा,” अनिलकुमार म्हणाला. “पण वाफ? काकू, आपण डेटावर बोलू.” त्यानं बॅगेतून रिमोटसारखं एक यंत्र काढलं. ओल मोजायचं यंत्र, नवं कोरं. सगळे त्याच्यामागं आत गेले, गौरम्मा खुर्चीसकट. त्यानं भाकरीच्या खोलीत भिंतीला यंत्र टेकवलं. आकडा आला नऊ. दुसरीकडं टेकवलं, आठ. त्यानं यंत्र हलवून बघितलं, बॅटरी काढून घातली, आणि ते चालतंय ना बघायला आपल्या तळहाताला लावलं. बेचाळीस.

“तूच लई ओला हैस की रे,” गौरम्मा म्हणाली.

“सेन्सर नवीन आहे, आई. कॅलिब्रेशन लागतं.”

“मशीन कशाला?” श्रीदेवी म्हणाली. भिंतीला लागून भाकरीच्या चळती उभ्या होत्या, वीत-वीत अंतरावर. पावसाळाभर त्या तिथंच असायच्या. तिनं अगदी भिंतीला टेकलेली, सगळ्यात खालची भाकरी ओढून काढली आणि थोरल्या जावेपुढं धरली. “अक्का, मोडा.”

गौरम्मानं भाकरी दोन्ही हातांत धरली. क्षणभर तिनं नवऱ्याकडं बघितलं. छत्तीस वर्षांच्या संसारात तिनं त्यांच्याविरुद्ध साक्ष दिली नव्हती, निदान चारचौघांत नाही. मग तिनं भाकरी मोडली. असा कडाड आवाज झाला की रस्त्यावरची शेळी जागी झाली.

“कडक हाय,” गौरम्मा म्हणाली, तुकडा तोंडात घालून पुन्हा म्हणाली, “लई कडक हाय,” आणि खुर्ची उचलून श्रीदेवीच्या बाजूला आणून ठेवली.

श्रीदेवीनं खाली पडलेला चुरा वेचला. सोमवारचं पहिलं वाक्य आता कदाचित लागणारच नाही, अशी एक चोरटी आशा तिच्या मनात डोकावून गेली, आणि तिनं ती लगेच दामटून खाली बसवली. अजून लाकूड उघडलेलं नव्हतं. आत जाळी होती, पट्ट्या होत्या, खांब होता. आणि तो कुजलेला असेल तर पाणी कुठलं होतं याला काहीच अर्थ नव्हता.

“बरं, वाफ न्हाय,” अण्णा म्हणाले. “पण खांब वाकला असंल! आतनं लाकडानं ढकलल्याबिगर गिलावा बाहेर येईलच कसा?”

हा प्रश्न मात्र चांगला होता, आणि निंगव्वानं तसं कबूलही केलं. “हौदु, खरं हाय. हाड वाकलंय का कातडं सुटलंय, ते बघाय पायजे.”

“दोरा आणतो,” महेश्वर म्हणाला.

महेश्वरचा अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेलचा कारखाना होता. भांडणात त्याला नेहमीच हात कुठं ठेवावेत ते समजत नसे. पण काम दिसलं की तो वेगळाच माणूस व्हायचा. मोटारसायकलच्या डिकीतून त्यानं सुताचं मोठं रीळ आणलं, आतल्या बाजूनं तीन खांबांना सारख्या मापाचे खिळे मारले आणि त्यांवर सूत ताणलं. तारेसारखं. मग गुडघ्यावर बसून, एक डोळा मिटून, मधल्या खांबापाशी सूत आणि लाकूड यांच्यामधलं अंतर पट्टीनं मोजलं. मग वर, मग खाली. मागावर एक तार चुकली की अख्खा टॉवेल वाया जातो, अशा ठिकाणी पंचवीस वर्षं काढलेल्या माणसाचं ते बघणं होतं. श्रीदेवी त्याच्या पाठीकडं बघत राहिली. लग्नानंतर पहिल्या वर्षी ती कारखान्यात डबा घेऊन जायची, तेव्हा हीच पाठ दिसायची.

“केसभर फरक न्हाय,” तो उठत म्हणाला. “खांब ओळंब्यात हाय. वरची खिडकीबी कधी अडकली न्हाय, दारबी न्हाय. सांगाडा हललेलाच न्हाय, अण्णा.”

“बापाचं काम हाय ते,” अण्णा आपोआप म्हणाले, आणि आपण कुणाच्या बाजूनं बोललो हे लक्षात येऊन पायाचा अंगठा चोळू लागले.

मग निंगव्वानं भिंत वाजवायला घेतली.

सगळे पुन्हा बाहेर आले, गौरम्माची खुर्चीही. तिथं एव्हाना दूधवाला आणि समोरचे मास्तर येऊन उभे राहिले होते. निंगव्वानं हात पदराला पुसले, फुगवट्याला पाठ करून भिंतीच्या पार टोकाला गेली आणि तिथं मधल्या बोटाचं पेर वाजवलं. टण्ण. “ही निरोगी,” ती म्हणाली. “आधी निरोगी ऐकायची असतीया. त्याबिगर आजारी कशी कळंल?” मग ती वीत-वीत सरकत आली. टण्ण. टण्ण. टण्ण. मान तिरकी, डोळे मिटलेले. फुगवट्यापासून चांगलं दोन हात लांब असताना तिचं बोट थांबलं. परत वाजवलं.

“हितं. खडू लाव.”

“हितं तर सपाट हाय,” कुंडलिक म्हणाला.

“दिसाय सपाट हाय. आतनं सुटलंय.”

श्रीदेवीनं खडूची खूण केली. कुंडलिकनं तिथं कान लावून स्वतः वाजवून बघितलं, आणि त्याचा चेहरा बदलला. तीस वर्षं गिलावा केलेल्या माणसाला पोकळ आवाज ओळखता येतो. त्यानं तो ऐकायची तसदी कधी घेतली नव्हती, एवढंच. “व्हय की,” तो हळूच म्हणाला आणि घण जमिनीवर ठेवला.

निंगव्वा वाजवत गेली, श्रीदेवी खुणा करत गेली. हात पुरेना तेव्हा निंगव्वा लाटण्याचं टोक वापरू लागली. आवाज फक्त दोन होते, टण्ण आणि बद्द, आणि हळूहळू मास्तरांनाही ते वेगळे ऐकू यायला लागले, एकदा तर ते निंगव्वाच्या आधी “बद्द!” म्हणाले आणि शाळेत पहिला नंबर आल्यासारखे इकडंतिकडं बघू लागले. शेवटी श्रीदेवीनं सगळ्या खुणा एका रेघेनं जोडल्या आणि सगळे चार पावलं मागं सरले.

भिंतीवर एक मोठा पेरू काढल्यासारखा आकार उमटला होता. खाली रुंद, गोल, जमिनीला टेकलेला. वर निमुळता होत गेलेला. आणि त्याचा देठ सरळ जाऊन टेकला होता एका पितळी पाटीला.

पाटीवर पहिल्या ओळीत ‘हलकुडे निवास’ असं होतं. दुसऱ्या ओळीत, पहिलीच्या दुप्पट अक्षरात, ‘श्री. ईरप्पा मल्लप्पा हलकुडे, सेवानिवृत्त कार्यालय अधीक्षक’ असं होतं. अकरा वर्षांपूर्वी निवृत्तीच्या दिवशी अण्णांनी ती स्वखुशीनं लावून घेतली होती. दर शनिवारी ते ती चिंचेनं घासून घेत.

कुणीच पाटीकडं बघितलं नाही. म्हणजे सगळ्यांनी बघितलं आणि लगेच दुसरीकडं बघितलं.

“पितळ गंजत न्हाय,” अण्णा म्हणाले.

“बोल्ट लोखंडी हाईत की, अण्णा,” कुंडलिक जमिनीकडं बघत म्हणाला. “चार. गिलाव्यातनं आरपार, लाकडात. मी म्हनलो हुतो, भोकाला रबर लावूया, मसाला भरूया. तुमी म्हनला, मागचं कुणाला दिसतंय, लवकर उरक, फोटोवाला थांबलाय.”

“सगळा पाऊस पश्चिमेचा येतोय,” महेश्वर म्हणाला, कुणालाच उद्देशून नाही.

“पाणी वरनं आत शिरतंय, जाळीमागनं खाली उतरतंय,” निंगव्वा म्हणाली. तिचा आवाज आता विजयाचा नव्हता. अवघड गिऱ्हाइकाशी बोलावं तसा सांभाळून होता. “पण येवढ्यानं फुगायचं न्हाय. आलेलं पाणी खालनं गेलं असतं. ह्या भिंतीतनं ते जातंय कुटनं?” ती भिंतीच्या पायाशी बसली आणि बोट फिरवत गेली. गिलावा जिथं संपतो तिथं, जोत्याच्या वर, सिमेंटची गुळगुळीत पट्टी होती. या टोकापासून त्या टोकापर्यंत, कुठं नखभर फट नाही. “हे कुणी केलं?”

“मी,” अण्णा म्हणाले, आणि एवढ्या वेळात पहिल्यांदा त्यांची छाती थोडी वर आली. “तिथं बोटभर फट हुती, सगळ्या भिंतीखाली. बाबांनी काम अर्धवट सोडलं हुतं. मुंग्या, पाली, झुरळं. पाटी लावली त्याच आठवड्यात मी बुजवून घेतली. बापाचं अपुरं राहिलेलं काम पोरानं पुरं केलं.”

“अहो,” गौरम्मा म्हणाली.

ती खुर्चीतून उठली होती.

“मामा दर वर्षी मृग लागायच्या आधी दाभण घेऊन बसायचे की तिथं. आठवतंय का? ह्या टोकापासनं त्या टोकापर्यंत फट टोकरत जायचे. माती काढायचे, मुंग्यांची वारुळं काढायचे. सकाळपासनं दुपारपर्यंत. मी नवी नवरी, मला वाटायचं सासऱ्याच्या डोक्यात काय तरी हाय. एकदा इचारलं, मामा, काय करताय? तर म्हणाले, वाट.”

“वाट?”

“एवढंच. ‘वाट’. आणि परत टोकरायला लागले. मी तुमाला सांगितलं तर तुमी म्हणला, बाबांना काम नको का काय तरी.”

“मी त्या फटीत गोट्या लपवायचो,” महेश्वर म्हणाला. “एकदा बाबांनी मला त्याच्यासाठी मारलं. आयुष्यात एकदाच. मला वाटायचं, गोट्यांसाठी मारलं.”

पन्नास वर्षं ज्या माणसाला गल्लीनं खोकं बांधणारा विक्षिप्त म्हटलं, त्यानं पाणी भिंतीत शिरणारच हे आधीच गृहीत धरलं होतं, आणि त्याला बाहेर जायला दार ठेवलं होतं. भांडण नाही, पहारा नाही. फक्त वाट. आणि वर्षातून एकदा ती मोकळी आहे ना हे स्वतः बघायचं. श्रीदेवीनं सासऱ्यांना पाहिलं नव्हतं. ती लग्न होऊन आली तेव्हा भिंतीवर त्यांचा हार घातलेला फोटो होता. आत्ता तिला वाटलं, ओळख झाली.

“कुंडलिक,” ती म्हणाली, “छिन्नी घे. घण नको. खालनं.”

कुंडलिकनं अण्णांकडं बघितलं. अण्णांनी मान हलवली नाही, पण नाहीही म्हटलं नाही.

सिमेंटच्या पट्टीचा पहिला टवका उडाला तेव्हा काही झालं नाही. दुसऱ्याला कुंडलिकच्या गुडघ्यावर चहाच्या रंगाचं पाणी आलं. मग ते वाहायलाच लागलं. आठ दिवसांत पाऊस नव्हता, तरी चांगलं घागरभर पाणी भिंतीच्या पायातून बाहेर आलं आणि गटाराकडं निघालं. गिलाव्याच्या मागून जस्ताच्या पत्र्याची एक दुमडलेली पट्टी डोकावत होती, उतार बाहेरच्या बाजूला. तीही मल्लप्पांचीच. दूधवाल्यानं साप निघायची वाट बघून शेवटी मान्य केलं की साप नाही.

फुगवट्याचा खालचा भाग कुंडलिकनं ताटाएवढाच उघडला. जाळी गंजून फुलली होती, हात लावला की भुगा. तिनंच गिलावा बाहेर रेटला होता. मागच्या दोन पट्ट्या काळ्या पडल्या होत्या. तिसरी बोटानं तुटली. अनिलकुमारनं हळूच फाईल काखेतून हातात घेतली.

“पट्ट्या बदलायच्या असतेत,” निंगव्वा म्हणाली. “खांब दाखीव.”

गौरम्मा आतून दाभण घेऊन आली. निंगव्वानं ते श्रीदेवीच्या हातात दिलं. “तू बघ. तुझी खोली हाय.”

श्रीदेवी वाकली. अंधारात खांबाची कड दिसत होती, काळपट, ओली. तिनं दाभण टेकवलं आणि सगळा जोर लावला. दाभण नखभर गेलं आणि थांबलं. तिनं हातभर वर लावलं. थांबलं. अगदी खाली, जिथं पाणी साठलं होतं तिथं, दोन्ही हातांनी रेटलं, दाभण वाकलं. तिनं टोकानं वरचा काळा थर खरवडला. खालून मधाच्या रंगाचं लाकूड निघालं, आणि त्या भोकातून, सिमेंटच्या आणि गंजाच्या वासातून, सागवानाचा वास आला.

तो वास अण्णांपर्यंत पोचला. ते पुढं आले, वाकले, भोकापाशी नाक नेलं आणि तिथंच राहिले. लहानपणी शाळा सुटली की ते वखारीत जाऊन बसत, आणि बोलक्या पोराला मल्लप्पा एक शब्द न बोलता ओंडक्यावर जागा करून देत. हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं, कारण अण्णांनीच ते शंभरदा सांगितलं होतं. या वेळी त्यांनी सांगितलं नाही.

“अनिल,” गौरम्मा म्हणाली, “ती फाईल चुलीपाशी ठिवू नगंस हां. पेटंल.”

अनिलकुमारनं फाईल बॅगेत टाकली आणि चेन ओढली. मग खांबावर हात ठेवून म्हणाला, “ट्रीटमेंट करून घेतली, जाळी न गंजणारी लावली, तर अजून पन्नास वर्षं सहज जातील, काकू.” आणि थोड्या वेळानं, “आजोबा इंजिनियर नव्हते ना?” असं त्यानं विचारलं, तेव्हा तो पुण्याचा वाटला नाही.

सगळे आता अण्णांकडं बघत होते. निकाल त्यांनी दिला होता. फिरवायचा तर त्यांनीच. सोमवारची चूल अजून त्यांच्या जिभेवर होती. श्रीदेवीनं पदर नीट केला.

अण्णा सरळ झाले. कुंडलिकच्या पिशवीतला पाना त्यांनी उचलला, शिडी ओढत आणून पाटीखाली लावली, आणि चढायला लागले.

“अहो, सत्तरी उलटली तुमची! कुंडलिक हाय की!”

“चढू दे त्यांना. निकाल फिरवाय चढलेत,” निंगव्वा म्हणाली.

पहिला बोल्ट कुरकुरत निघाला. दुसऱ्याचं डोकं गंजून पान्यातच आलं. तिसरा, चौथा. शिडीखालून अनिलकुमारनं दोन्ही हात वर करून पाटी घेतली आणि पोटाशी धरली. भिंतीवर चार भोकं राहिली, प्रत्येकाखाली तांबडा ओघळ, आणि मधोमध स्वच्छ चौकोन, जिथं अकरा वर्षं ऊन लागलं नव्हतं.

अण्णा उतरले नाहीत. त्यांनी उजवा पंजा त्या चौकोनावर सपाट ठेवला, कपाळ भिंतीला टेकवलं आणि तसेच उभे राहिले. मास्तरांनी चष्मा काढला. गौरम्मानं तोंडाला पदर लावला. आता हा माणूस बोलेल, श्रीदेवीला वाटलं. जे दीड वर्षात बोलला नाही ते बोलेल, आणि मी त्याला पुरतं बोलूसुद्धा देणार नाही, म्हणेन, जाऊ द्या अण्णा, घरचंच आहे.

“श्रीदेवी,” वरून आवाज आला. एवढा हळू आवाज त्या गळ्यातून यापूर्वी कुणी ऐकला नव्हता.

“काय, अण्णा?”

“शिडी धर की जरा. खाली बघितलं की डोळं फिरतेत.”